नारळाची झाडे नसलेल्या गावाचा फलक

मित्रांनो, खांडबाऱ्याच्या एका खिडकीपुढे खुंटांना बांधलेला गंजका पत्रा पाहिलात, तर तो मी. उभे राहून राहून आता थकलो आहे. बसायची सोय पत्र्याला नसते.

रेल्वे नवी होती तेव्हा मला सुरतेत रंगवले. दाराएवढा उंच, बैलगाडीएवढा रुंद. माझ्यावर एक बंगला, झोपाळा आणि नारळाची चार झाडे होती. खाली मजकूर होता: 'खांडबारा. डोंगराची स्वच्छ हवा. स्टेशनजवळ घरासाठी जागा. रहिवाशांना पास अर्ध्या दरात.' रंगाऱ्याने खांडबारा पाहिले नव्हते. इथे नारळ कुठला, मोह आणि साग!

सुरत स्टेशनावर लोक माझ्याकडे बघून उसासे टाकत आणि घरी जात. शांतीलाल नावाचा कारकून मात्र रोज थांबे. त्याच्या बायकोला, जडावबेनला, दमा होता. गल्लीतल्या धुराने ती रात्ररात्र बसून काढी. शेवटी त्याने जागा घेतली, घर बांधले. पावसाळाभर जडावबेन गाढ झोपली.

मग सुगी आली. घराच्या पश्चिमेला हिरीबाईचे खळे होते, तिच्या सासूच्याही आधीपासूनचे. सांजवारा सुटला की ती तिवईवर चढून भात उपणी, आणि सारा भुसा जडावबेनच्या खिडकीत जाई. खिडकी उघडली तर खोकला, लावली तर घुसमट. तिचे ओठ निळे पडू लागले.

शांतीलाल खळ्यावर गेला. हिरीबाई परक्यांशी बाजारातली अहिराणी बोले. ती म्हणाली, "वारा उना का उपननं पडस, भाऊ." म्हणजे वारा आला की उपणावेच लागते.

चिडून तो सुरतेला गेला. जागा फारशा खपल्या नव्हत्या, म्हणून मला उतरवून गोदामामागे टाकले होते. त्याने मला मागून घेतले, मालगाडीने आणले आणि खळ्यावर उभे केले. जणू मी जमिनीचा दस्तच!

"हे बघा, बेन. इथे लिहिलंय, स्वच्छ हवा."

"माले वाचता येत नही," हिरीबाई म्हणाली. तिने बोटांनी मला ठोकून पाहिले. "पन पत्रा चांगला शे."

तेवढ्यात घरातून जडावबेनचा खोकला ऐकू आला, थांबेचना. हिरीबाई तिवईवरून उतरली. तिने एका बाजूने मला उचलले, शांतीलालने दुसऱ्या बाजूने. खिडकीपासून हातभर अंतरावर तिने मला दोन खुंटांना बांधले आणि पुन्हा उपणायला लागली. भुसा माझ्यावर आदळून खाली पडू लागला. वारा कडेने आत गेला.

"आते खिडकी उघडी ठेव, बहीन," ती म्हणाली.

जडावबेन उघड्या खिडकीशी बसली आणि बऱ्याच वेळाने तिचा श्वास संथ झाला. मला फार बरे वाटले. सुरतेत इतकी वर्षे लोकांनी मला वाचले, पण माझा असा उपयोग कुणाला झाला नव्हता.

त्यानंतर दर सुगीला माझी पाळी. भुशाने आधी नारळ खरवडले, मग झोपाळा, मग अक्षरे. आता दोघींचे केस पांढरे झाले आहेत. शांतीलाल यंदा म्हणतो, याला नवा रंग देऊ.

मित्रांनो, त्याला सांगा, रंग नको. माझी खालची कड गंजून झिजली आहे, तिथे थोडे तेल चोळा आणि खुंट घट्ट ठोका. हिरीबाईचे भात खळ्यावर आले आहे, आणि जडावबेनने खिडकी उघडली आहे.