फरकाची रक्कम

ॲडव्होकेट शिवरंजनीनं ग्रामपंचायतीचा उतारा मल्लिनाथपुढं सरकवला आणि एका ओळीवर पेनाचं टोक टेकवलं.

"काका, घर क्रमांक सत्त्याऐंशी. मालक कोण लिहिलंय?"

मल्लिनाथनं चष्मा नाकावर खाली ओढला. नाव महांतेशचं होतं. महांतेशला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि सत्त्याऐंशी नंबरात गेली एकोणतीस वर्षं मल्लिनाथ राहत होता.

"आणि हे चौदा. इथं तुमचं नाव आहे. चौदामध्ये कोण राहतं?"

"नीलम्मावैनी. महांतेशची बायको." त्यानं उतारा जवळ ओढला. "आमी अदलाबदल केली व्हती. चिठ्ठ्या टाकून घरं दिली सरकारनं, त्यात शाळेजवळचं हे सत्त्याऐंशी त्यांना लागलं, मला चौदा. आठ दिवसांत बदलून घेतली. ग्रामसेवकाला सांगितलं व्हतं की. करतो म्हणला."

"लेखी?"

"तोंडी."

ग्रामसेवक करतो म्हणाला आणि आपण निवांत झालो. भूकंपानंतर वसलेल्या त्या गावात असं निवांत झालेले आणखी किती निघतील, देव जाणे. घरपट्टी मात्र दोघांनी दर साल भरली. पावतीवर नाव कुणाचं आहे, हे कोण वाचत बसतो.

शिवरंजनीनं समजुतीच्या सुरात सांगितलं. तोंडी अदलाबदल कायद्यात टिकत नाही. उताऱ्यावर नाव नाही, तर सत्त्याऐंशी त्याला विकता येणार नाही. महांतेशच्या वारसांनी, म्हणजे नीलम्मा आणि पुण्यातला रुद्रेश, दोघांनी मिळून त्याच्याशी अदलाबदलीचा नोंदणीकृत दस्त करायला हवा. सरकारनं दिलेलं घर म्हणून जी परवानगी लागेल, ती काढायचं शिवरंजनीच बघेल. पण दोघांतल्या एकानं जरी सही नाही म्हटलं, तर सगळं अडलं.

"आन माझी तारीख?" मल्लिनाथनं विचारलं. "धाराशिवच्या फ्लॅटला विसार दिलाय. महिनाअखेर खरेदी न्हाय केली तर तो दुसऱ्याला देतो म्हणलाय."

शेजारच्या खुर्चीत धनाजी बसला होता. शाळेसमोर वह्या-पुस्तकांचं दुकान टाकायचं म्हणून सत्त्याऐंशी तोच घेणार होता. इतका वेळ तो मोबाइलात बोट फिरवत होता. आता त्यानं मोबाइल खिशात टाकला.

"म्हंजी डांबरी रस्त्याला लागून जे चौदा नंबर हाय, ते काकाचं?"

"कागदावर," शिवरंजनी म्हणाली.

"मग तेच द्या की, काका. तिप्पट देतो. तितं हॉटेल चांगलं चालंल."

मल्लिनाथनं शिवरंजनीकडं पाहिलं. तिनं पेनाला टोपण लावलं.

"काकू इतकी वर्षं तिथं राहतायत. त्या कोर्टात गेल्या तर वर्षानुवर्षं लागतील. पण त्या जातील का, हे तुम्हालाच ठाऊक."

नीलम्मा कोर्टात जाणारी बाई नव्हती. हे मल्लिनाथला ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे याचीच त्याला भीती वाटली.

घरी लक्ष्मम्मा बाजेवर बसली होती. डाव्या हाताला कोपराखाली पट्टी. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, धाराशिवला, पहाटेच्या एसटीनं. जाताना ती खिडकीशी बसायची, येताना त्याच्या खांद्यावर मान टाकून. डॉक्टर म्हणाले होते, एवढा प्रवास झेपायचा नाही, दवाखान्याजवळ या राहायला. म्हणून तर घर विकायचं होतं.

त्यानं सगळं सांगितलं. तिप्पटचंही सांगितलं.

"त्यात तळमजला येतो," तो म्हणाला.

"आपला कितवा व्हता?"

"दुसरा. अडतीस पायऱ्या." त्यानं मोजल्या होत्या.

लक्ष्मम्मानं पट्टीवरून बोट फिरवलं.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटे मल्लिनाथ गावात नव्हता, मालाची गाडी घेऊन सोलापूरला गेला होता. इकडं जुन्या गावात त्याच्या आणि शेजारच्या महांतेशच्या घरामधल्या दगड-मातीच्या भिंती एकमेकींवर बसल्या. महांतेश आणि नीलम्मा अंगणात झोपले होते म्हणून वाचले. त्यांची सहा वर्षांची शिवकन्या आत आजीजवळ होती; रुद्रेश अजून जन्मायचा होता. ढिगाऱ्याखालून एकच आवाज येत होता, लक्ष्मम्माचा. महांतेशनं जिकडून आवाज आला तिकडं हातानं उपसायला घेतलं. लक्ष्मम्माला बाहेर काढून तो आपल्या बाजूला वळला, तोवर उजाडलं होतं.

आधी आपल्या बाजूला वळला असता तर पोर जिवंत हाती लागली असती का, हे कुणालाच सांगता आलं नसतं. महांतेशनं मरेपर्यंत तो विषय काढला नाही. नीलम्मानंही नाही. नव्या गावात नेमकं शाळेसमोरचं घर त्यांना लागलं, तेव्हा मल्लिनाथनंच कुणी सांगायच्या आत आपली चिठ्ठी पुढं केली होती.

"मी वरडत व्हते," लक्ष्मम्मा म्हणाली. "ती न्हाय वरडली."

आणि ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

एवढं ऐकून माणसाचं मन ठरायला हवं होतं. पण मन लई बिलंदर. सकाळी फाईल काखेत मारून चौदा नंबराकडं चालताना ते त्याला समजावत राहिलं. वैनीचा पोरगा पुण्यात कमावता आहे. वैनी तिकडं जाऊ शकते. तू कुठं चोरी करतोस, नाव तुझंच आहे. एकदा बदलून दिलंस तेवढं पुरे की. आणि अडतीस पायऱ्या आठवड्यातून तीनदा चढायच्या कुणी? गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याला ते पटतही आलं होतं.

नीलम्माचं दार उघडं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे तसेच ओले होते, नुकतीच लिंगपूजा आटोपलेली. ती फळीवरची पितळी भांडी काढून पोत्यात भरत होती. फाईलकडं तिनं एकदा बघितलं.

"बसा अण्णा. काल सांजच्याला धनाजी टेप लावून गेला. पुढून मापलं, मागून मापलं."

मल्लिनाथ उंबऱ्याशीच थांबला.

"मी काय म्हणत न्हाय. कागूद तुमचा हाय, आमच्या मालकानं मला कवाच सांगितलं व्हतं." तिनं तांब्या पदरानं पुसला आणि पोत्यात ठेवला. "फकस्त दोन महिने द्या. रुद्रेशकडं एकच खोली हाय, त्याला दुसरी बघावी लागंल. अंगठा कुठं द्यायचा ते सांगा."

त्याला वाटलं होतं, ती रडेल, भांडेल, चार माणसं गोळा करेल. मग आपल्यालाही दोन शब्द बोलता येतील. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. तो खाली बसला.

"वैनी," तो म्हणाला. त्यानं फाईल उघडून पुढं ठेवली. "अंगठा मागायलाच आलोय. पर हे घर तुमच्या नावावर करायला."

"आन तुमाला?"

"शाळेजवळचं माझ्या नावावर. जसं हाय तसं. धनाजीला तेच देणार."

नीलम्मानं पोत्यात घातलेला हात तसाच राहू दिला. मग तांब्या बाहेर काढला, फळीवर ठेवला. मग एक गडवा. मग परात. सगळी भांडी जागेवर गेली.

चहा ठेवता ठेवता, त्याच्याकडं न बघता तिनं विचारलं, "शाळेची घंटा अजून तशीच वाजती का वो?"

"घंटा न्हाय आता. काढून दहा वर्षं झाली. लाईटची बेल हाय."

"व्हय?" ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच न्हाय."

धनाजीनं तोंड वाकडं केलं, पण शाळेसमोरची जागा त्यालाही सोडवेना. परवानगीचा कागद आला तेव्हा महिना संपायला तीन दिवस होते. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, त्या मानानं लवकरच आला म्हणायचा.

रजिस्ट्री कार्यालयात त्यांचा नंबर बाराला होता. रुद्रेशची गाडी सोलापूरच्या अलीकडंच बंद पडली होती. बारा वाजून गेले, नंबर एकदा मागं ढकलला, मग पुन्हा. मल्लिनाथचा जीव टांगणीला लागला होता. तो दारापर्यंत जायचा, रस्त्याकडं बघायचा, परत यायचा. रुद्रेशनं येताना कुण्या शहाण्याचा सल्ला घेतला असेल तर? सही न देता तसाच पुण्याला परत गेला तर?

रुद्रेश अडीचला घामाघूम होऊन आला. आला तो आधी मल्लिनाथच्या पाया पडला, आणि दाखवली तिथं सही केली.

फोटो झाले, अंगठे झाले. खिडकीतून बाहेरच्या बाकावर बसलेली लक्ष्मम्मा दिसत होती. कालच डायलिसिस झालं होतं. तरी ती हट्टानं आली होती आणि आता मान टाकून डुलकी घेत होती.

संगणकावरचा क्लार्क पानं उलटता उलटता थांबला.

"चौदा नंबरचं मूल्यांकन बरंच जास्त आहे. दोन्हीतल्या फरकाची रक्कम कुणी कुणाला दिली, ते लिहिलेलं नाही यात."

रुद्रेशनं मान खाली घातली. नीलम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शिवरंजनी काही बोलणार, तेवढ्यात मल्लिनाथ पुढं झाला.

"फरक मला मिळालाय."

"कधी?"

"त्र्याण्णव साली."

"घरं तर नंतर मिळालीत तुम्हाला."

"व्हय. त्याच्या आधीच मिळाला."

नीलम्माचं बोट थांबलं. तिनं खिडकीतून बाकाकडं बघितलं. लक्ष्मम्मा जागी झाली होती आणि कपाळावर आलेले केस पट्टीच्या हातानं मागं सारत होती.

क्लार्कला घाई होती. मागं अजून सात जण उभे होते.

"रोख, का चेकनं?"

"रोख," मल्लिनाथ म्हणाला.