उमललेली इरोमी

न्यासेबोच्या पायांना सकाळपासून थारा नव्हता. चुलीपाशी बसे, उठे, दारात जाऊन नदीकडे बघे, परत चुलीपाशी येई. आत तिची सून इलाकू दीड दिवस वेणा देत होती, आणि पंचक्रोशीतली सर्वात नावाजलेली सुईण म्हणवणाऱ्या सासूला पुढे काय करावं ते सुचत नव्हतं. इरोमीच्या कळ्यांचा काढा तीनदा देऊन झाला होता. वेणा वाढायच्या सोडून मंदावत चालल्या होत्या.

इरोमी तशी सगळ्या देशांत उगवते, आणि तिचा खरा उपयोग आपल्यालाच कळला असं प्रत्येक देशाला वाटतं. मारोव्याचे खलाशी समुद्र लागू नये म्हणून ती दारूत घालतात, मग दारू लागते ती वेगळीच. न्यासेबोच्या माहेरी, तेंबर डोंगरात, पहाटे मिटलेल्या कळ्या खुडतात, तापाला आणि बाळंतपणाला. ऊन चढून फूल उमललं की ते मेलेल्यांचं. प्रेताच्या डोळ्यांवर ठेवायचं. जित्याजागत्या घरात उमललेली इरोमी आणणं म्हणजे मरणाला हाताला धरून आत आणणं. आणि खाली नदीकाठी, सोल्लू देशात, जिथे न्यासेबो बावीस वर्षांपूर्वी नांदायला आली, तिथे बाळंतिणीला नेमकं हे भर दुपारचं, टचटचीत उमललेलं फूलच देतात. आपला तो बाब्या, हे फुलांच्या बाबतीतही खरं आहे.

बावीस वर्षं न्यासेबोने इथली बाळंतपणं केली, पण उमललेल्या फुलाला एकदाही हात लावला नाही. कुणाला पत्ताही लागला नाही. सोल्लूत काढा करताना सुईण चुलीपाशी एकटी असते. बाळंतिणीच्या आईने तर चुलीकडे बघायचंही नाही. तिची नजर पडली की बाळ मागे सरतं म्हणतात. कळ्या टाका नाहीतर फुलं टाका, पाणी तांबूसच होतं. बायका सुटत होत्या, न्यासेबोचं नाव होत होतं. एक सुटली नाही. इलाकूची थोरली बहीण मेन्दे, तीन वर्षांपूर्वी. गाव म्हणालं, तिचं आयुष्यच तेवढं. न्यासेबोही तसंच म्हणाली, पण तिला ते कधी पटलं नाही.

दोघी बहिणींची आई, दोंबिये, आता दारात उभी होती. हातात झाकलेली टोपली.

"विहीणबाई, आत्ता खुडून आणलीत. तुमची कालची फुलं मान टाकून बसली असतील." तिने टोपली उंबऱ्यावर ठेवली आणि रीतीप्रमाणे चुलीकडे पाठ केली.

"ठेवा तिथंच," न्यासेबो म्हणाली.

"ठेवा काय? घ्या की. विंचू भरून आणलेत का मी?"

न्यासेबोने झाकण सरकवलं. तांबडी-पिवळी फुलं आ वासून वर बघत होती. तिच्या बापाच्या डोळ्यांवर ठेवली होती तशीच.

काढा दिला आणि पोर गेली, तर आपल्या हाताने सुनेला मरण पाजल्यासारखं होईल. काढा दिला आणि पोर सुटली, तर मेन्देही सुटली असती. या दुसऱ्याची भीती तिला जास्त वाटली, आणि तसं वाटलं याची तिला भयंकर लाज वाटली. ती पुन्हा उठली, पुन्हा बसली.

"अहो, बसा तरी नाहीतर उठा तरी," पाठमोरी दोंबिये म्हणाली. "तुमच्या फेऱ्यांनी मलाच वेणा सुरू व्हायच्या." ती हसायला गेली, पण आवाज चिरकला. "एक दिलीय मी, विहीणबाई. दुसरी नाही देणार."

आतून इलाकूची हाक आली, अगदी बारीक. "सासूबाई, आता नको. मला झोपू द्या."

ही झोप कसली ते न्यासेबोला ठाऊक होतं. तिने दोन्ही हातांनी फुलं उचलली आणि उकळत्या पाण्यात टाकली. तीन ओंजळी. जित्या घरात प्रेताच्या फुलाला हात लावणाऱ्याचा वर्षभर विटाळ; डोंगरातला कुणी आता तिच्या हातचं पाणी पिणार नव्हता. गेला डोंगर खड्ड्यात, ती स्वतःशीच पुटपुटली.

काढा पोटात गेला आणि थोड्याच वेळात इलाकूने अशी किंकाळी फोडली की नदीवरचे होडीवाले वळून बघायला लागले. नावाड्यांची न्याहारीची भाकर भाजून व्हावी एवढ्या वेळात मुलगी झाली. चांगली धष्टपुष्ट, रागावलेली.

दोंबियेने नातीला कुशीत घेतलं. "नाक बघा, तुमचंच. हिच्या लग्नाला जोडे झिजवावे लागणार." डोळे पुसत ती पुढे म्हणाली, "गुण आहे हो तुमच्या हाताला. थोरलीच्या वेळी मीच जुनी फुलं आणून दिली असणार. तीन वर्षं मी स्वतःला कोसतेय."

न्यासेबो गप्प राहिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण ही बाई तीन वर्षं स्वतःला कोसत होती.

"तुमची फुलं ताजीच होती," ती म्हणाली. "मी टोपली नदीत उलटी केली. मेन्देला कळ्या दिल्या. आमच्याकडे उमललेलं फूल प्रेताला वाहतात. मी घाबरले."

दोंबियेच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"इलाकूलाही आधी कळ्याच दिल्यात?"

"हो. तीनदा."

बाहेर होडीवाले कुणाला तरी हाका मारत होते. दोंबियेने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, न्यासेबोपासून लांबच्या.

"तुमचं तोंड बघवत नाही मला आज," ती हळू आवाजात म्हणाली. "पण गावात अजून तिघी दिवस भरलेल्या आहेत, आणि सुईण तुम्ही एकट्याच. उद्या दुपारी माझ्यासोबत रानात यायचं. फुलं मी खुडेन, आणि त्या तिघींचा काढा तुम्ही माझ्यासमोर कराल."

न्यासेबोने मान हलवली आणि ती अंगणात जाऊन बसली. आत दोघी मायलेकी बाळाची बोटं बघत होत्या. बाळ घ्यायला तिला कुणी बोलावलं नाही, आणि तिनेही मागितलं नाही.