उजवा हात, डावा कान

माझी स्वतःची मुलं दोनच. पण मी जन्माला घातलेली तीनशेच्या वर आहेत, आणि झाडून सगळी एक जूनची. हे वाक्य मी चारचौघांत टाकलं की बायको पदर तोंडाला लावून आत निघून जायची.

भानगड काही नव्हती. गव्हाणच्या अलीकडे खाडीकाठी एक कोळीवाडा आहे, तिथल्या शाळेत मी मास्तर होतो. पोरं घरातच जन्मायची, नोंद करायला कोण जातंय? आईला तारीख विचारली तर ती सांगायची, "मोठं उधाण आलं व्हतं ना, त्याच्या दुसऱ्या दिशी." उधाण काही रजिस्टरात लिहिता येत नाही. शाळा जूनमध्ये उघडायची आणि पोराला पाच वर्षं पुरी झालेली लागायची. मग लिहा एक जून, आणि साल पोराच्या अंगापिंडाकडे बघून. सगळेच मास्तर हे करत. मी जरा हौसेनं करायचो, इतकंच.

हौस मला भारी. आमच्या शाळेत साळुंकी हजेरी घ्यायची, गैरहजर पोराच्या दारात जाऊन ओरडायची, हे मी पनवेलच्या एसटी स्टँडवर कितीदा तरी सांगितलंय. लोक हसायचे. लोक हसले की मला जोर चढायचा. आता या वयात कबूल करतो : साळुंकी होती. हजेरीचं मी वाढवलं.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये ठमाबाई आली. डोक्यावर मासळीची पाटी, हाताला पोर. पोर म्हणजे काय, परकरात गुंडाळलेला बोंबील.

"गुरुजी, हिला घ्या शालेत. मी पनवेलच्या बाजारात जाते, हिचा बाप विठू होडीवर. घरी हिला कोन बगील?"

"पाच पुरी झाली का?"

"व्हतील की. नारली पुनवेची हाय ती. माझ्या पोटात कला येत व्हत्या आनि हिचा बाप दर्याला नारल घालीत व्हता."

म्हणजे पाच व्हायला दोन महिने कमी. आमची एक तपासणी असायची. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. पोचला हात तर पोर पाच वर्षांचं. पोरीचं नाव चंद्रावती. तिचा हात डोक्याच्या मध्यापर्यंतच पोचला. तिनं जीभ बाहेर काढली, डोळे मिटले, बोटं ताणली, पण कान काही हाताला लागेना. मी तिचं डोकं हलकेच उजवीकडे कलतं केलं.

"लागला कान!" मी ओरडलो.

चंद्रा खुदकन हसली. मी रजिस्टरात लिहिलं : जन्मतारीख १ जून १९७४. ठमाबाईनं जाताना टेबलावर चार बांगडे ठेवले. मी एक दिवसही त्या तारखेचा विचार केला नाही. सोळा वर्षं केला नाही.

ठमाबाईचा भाऊ काशिराम तरुणपणी बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात उतरून तिकडचाच झाला. तिकडचं नागरिकत्व मिळाल्यावर ब्याऐंशी साली त्यानं बहिणीसाठी अर्ज घातला. बहिणीबरोबर तिचा नवरा आणि पोरगी आपोआप जातात, असं त्यानं पत्रात कळवलं होतं. मग तेरा वर्षं काही नाही. त्या तेरा वर्षांत भाताची जमीन सिडकोकडे गेली, खाडीत भराव पडला, विठूची होडी उलटी होऊन अंगणात पडली आणि तिच्याखाली कोंबड्या बसायला लागल्या. चंद्रा बारावी होऊन पनवेलला एका दवाखान्यात केसपेपर लिहायला लागली. उरणच्या बंदरात नोकरीला असलेल्या आनंदा नावाच्या मुलाचं स्थळ तिला आलं होतं. मुलगा चांगला, तिलाही पसंत. पण ठमाबाई म्हणाली, "आदी मामाचं कागद येऊ दे."

कागद पंच्याण्णवच्या जूनमध्ये आला. मुंबईच्या वकिलातीत अठरा जुलैला मुलाखत. ठमाबाई आणि चंद्रा तो घेऊन पनवेलच्या कोर्टामागे बसणाऱ्या कुमुद वकीलबाईंकडे गेल्या. मी निवृत्त होऊन पनवेललाच राहायला आलो होतो आणि सकाळचा वेळ कोर्टाच्या आवारात लोकांना गोष्टी सांगत काढायचो. मलाही त्यांनी आत ओढलं.

वकीलबाईंनी कागद वाचले, चंद्राचा शाळेचा दाखला वाचला, चष्मा काढला.

"हिला एकवीस पूर्ण झाली की."

"मग?" ठमाबाई म्हणाली.

"मग ती या अर्जात बसत नाही. एकवीस पूर्ण होईपर्यंतच मूल आईबापाच्या कागदावर जातं. एक जूनला झाली ना एकवीस? पंधरा दिवसांनी चुकलं."

"नाय वो बाई! नारली पुनवेची हाय ती!"

वकीलबाईंनी कपाटातून जुनं पंचांग काढलं. चौऱ्याहत्तरची नारळी पौर्णिमा तीन ऑगस्टला. त्यांनी पेन्सिलीनं टेबलावर ठोकलं. "म्हणजे खरं वय धरलं तर अजून वीसच. तीन ऑगस्टच्या आत व्हिसा घेऊन तिकडे उतरली तर बसते. पण दाखला एक जून म्हणतो, पासपोर्ट एक जून म्हणतो. ही एक जून काढली कुणी?"

खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर एक टाइपरायटर कडकडत होता, तो तेवढा चालू राहिला.

"मी," म्हटलं.

"कशावरून?"

"कानावरून."

वकीलबाई हसल्या नाहीत. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद नव्हतीच. सुईण वारलेली. आता उशिरा नोंद करायची तर महिने जाणार, आणि वकिलातवाले म्हणणार की मुलाखतीचा कागद आल्यावर बरी आठवण झाली.

"एकच गोष्ट उपयोगी पडेल," त्या म्हणाल्या. "ज्यानं तारीख लिहिली त्याचं प्रतिज्ञापत्र. गुरुजी, तुम्ही दोन ओळी लिहून द्यायच्या. जन्माचा पुरावा नव्हता, शाळेत घेता यावं म्हणून मी अंदाजे तारीख टाकली. बस. साहेब ऐकेलच असं नाही. पण लिहिणारा स्वतः आपली चूक कबूल करतो म्हटल्यावर विचार करेल."

"दोनच ओळी?"

"दोनच. तुमची साळुंकी मला त्यात नको."

ठमाबाईनं माझा हात धरला. तिच्या तळव्याला कोयत्याचे घट्टे होते. "गुरुजी, येवडं करा. पोरीला हितं टाकून मी कशी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी मी कोर्टाबाहेरच्या टंकलेखकासमोर बसलो. दोन ओळी सांगितल्या. त्यानं त्या टाइप केल्या आणि थांबला. एवढ्या मोठ्या पांढऱ्या कागदावर त्या दोन ओळी दोन मुंग्यांसारख्या दिसत होत्या. मला वाटलं, साहेब वाचेल आणि म्हणेल, या म्हाताऱ्याला खरी तारीख काय माहीत? नुसतं एक जून खोटं म्हणून कसं चालेल, तीन ऑगस्ट खरं आहे हे कुणीतरी पाहिलेलं हवं ना?

"पुढं लिही," मी म्हटलं.

आणि मग मी सांगत गेलो. नारळी पौर्णिमेचा दिवस. खाडी तुडुंब. विठू नारळ घेऊन पाण्यात गुडघाभर उभा. घरातून सुईण ओरडली. मी स्वतः ओटीवर बसलो होतो. पोरीचं पहिलं रडणं मी माझ्या कानांनी ऐकलं. विठूला हाक मारून नारळ सोडायला मीच सांगितलं. टंकलेखक दोनदा माझ्याकडे बघून म्हणाला, "वा, गुरुजी!" ते ऐकून मी आणखी एक ओळ घातली.

आता खरं सांगतो. त्या गावात माझी बदली झाली शहात्तर साली. चंद्रा तेव्हा दोन वर्षांची होऊन अंगणात फिरत होती. तिचा जन्म झाला त्या दिवशी मी पार कोन गावाच्या पुढच्या एका शाळेत होतो.

प्रतिज्ञापत्रावर सही-शिक्का झाला. वकीलबाई त्या आठवड्यात अलिबागला होत्या. मी कागद थेट ठमाबाईच्या हातात दिला. चंद्रा कामावर गेली होती. ठमाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं तो घडी न मोडता पिशवीत ठेवला आणि पिशवीला नमस्कार केला. "आता ही साहेबाम्होरंच उघडायची," म्हणाली.

अठरा जुलैला तिघं मुंबईला गेली. संध्याकाळी मी स्टँडवर त्यांची वाट बघत होतो. मनात गोष्ट तयार होती : साहेबानं माझा कागद वाचला, खुर्चीतून उठला, म्हणाला हा मास्तर कोण आहे.

एसटीतून आधी विठू उतरला आणि माझ्याकडे न बघता पुढं चालू लागला. मग चंद्रा. शेवटी ठमाबाई. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"गुरुजी, तुमी कवा व्हता तितं?"

"कुठं?"

"माझ्या बालंतपनाला. कवा व्हता तुमी?"

झालं ते चंद्रानं सांगितलं. साहेबानं कागद चांगला दोनदा वाचला होता. चेहरा वाईट नव्हता. त्यानं आधी आईला हात वर करून खरं बोलायची शपथ घ्यायला लावली होती. मग दुभाष्यामार्फत सहज विचारलं, बाई, मुलगी झाली तेव्हा हे मास्तर तुमच्या घरी होते का?

"आनि मी सांगितलं," ठमाबाई म्हणाली. "देवाला स्मरून हात वर केलेला. मी म्हनलं, नाय साहेब, गुरुजी तवा गावात आलेच नव्हते. दोन सालांनी आले. मला काय ठावं तुमी काय लिवून ठेवलंय?"

साहेबानं कागद बाजूला ठेवला. म्हणाला, जो माणूस शपथेवर एक गोष्ट खोटी लिहितो त्याची दुसरी मी खरी कशी मानू? विठूचा आणि ठमाबाईचा व्हिसा मंजूर. मुलीचा नाही.

"दोन ओळी सांगितल्या होत्या ना वकीलबाईंनी?" चंद्रा मला म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी तीन ऑगस्टच्या आत पुन्हा नवा कागद करून देतो म्हणालो. पाया पडतो म्हणालो. वकीलबाईंनी मला दारातच उभं ठेवलं. "गुरुजी, आता तुम्ही सूर्य पूर्वेला उगवतो असं लिहून दिलंत तरी ते खिडकी उघडून बघतील."

नारळी पौर्णिमा आली. कोळीवाड्यातून वाजतगाजत नारळ निघाला. मी गेलो नाही.

ठमाबाई म्हणत होती, मी नाही जाणार. काशिराम फोनवर ओरडत होता की तेरा वर्षांनी लागलेला नंबर सोडलास तर पुन्हा कधी नाही. शेवटी वकीलबाईंनी समजावलं : तू तिकडे पोचलीस की स्वतः मुलीसाठी अर्ज घालू शकतेस.

"किती दिस लागतील?"

"दिवस नाहीत ठमाबाई. वर्षं. सात म्हण, आठ म्हण. आणि एक अट. तोवर मुलीनं लग्न करायचं नाही. लग्न झालं की अर्ज त्या दिवशी मेला."

ठमाबाईनं लेकीकडे बघितलं. मग चंद्राच म्हणाली, "जा तुमी. मी ऱ्हाते."

नोव्हेंबरात दोघं गेली. विठूनं जाताना होडीखालच्या कोंबड्या शेजाऱ्याला दिल्या. ठमाबाई माझ्या घरी आली नाही. गाडी स्टँडवरून जाताना तिनं मला पाहिलं आणि काच वर केली.

चंद्रा आत्याकडे राहायला लागली. आनंदा दोन वर्षं थांबला. मग त्याच्या आईनं त्याचं लग्न कामोठ्याच्या मुलीशी करून दिलं. पत्रिका चंद्रालाही आली होती. ती हळदीला जाऊन आली म्हणतात. मी विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात, म्हणजे सत्त्याण्णवच्या, वकीलबाईंनी मला बोलावणं पाठवलं. तिकडून ठमाबाईनं घातलेल्या अर्जाचे कागद आले होते, शाळेच्या रजिस्टराची नक्कल हवी होती. मी शाळेत जाऊन त्या पानाची झेरॉक्स काढून आणली. माझंच अक्षर. वळणदार, जून या शब्दाखाली बारीकशी रेघ.

चंद्रा टेबलाशी बसून अर्ज भरत होती. अंगानं भरली होती, कपाळावर एक आठी कायमची बसली होती. नाव लिहिलं. आईचं नाव लिहिलं. जन्मतारखेशी पेन थांबलं.

"एक जूनच लिही," वकीलबाई खाली बघून म्हणाल्या. "पासपोर्टावर तीच आहे. आता दुसरी काही लिहिलीस तर पुन्हा अडकशील."

चंद्रानं एक जून लिहिलं. खाली रकाना होता, विवाहित की अविवाहित. तिथं खूण केली. शेवटी एक ओळ होती, वर लिहिलेलं सगळं माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. तिच्याखाली तिनं सही केली.

"चंद्रा," मी म्हटलं, "नारळी पौर्णिमेला मी..."

"गुरुजी, तुमी गप ऱ्हावा."

मी गप राहिलो. पंख्यानं कागद उडायला लागले. एका हातात पेन होतं, म्हणून तिनं दुसरा हात लांब केला आणि टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाचं माझं रजिस्टरातलं अक्षर तळव्याखाली दाबून धरलं. हात आता सहज पोचत होता.