आईच्या कंबरेतला बिल्ला

ताईने अणुअभियांत्रिकी तंत्रज्ञानाच्या प्रमाणपत्र वर्गात नाव घातलं आणि घरातल्या शास्त्रज्ञांची संख्या एकदम चारवर गेली. बाबा जेवताना अणू फोडायचे, मामा फोनवर. पण सगळ्यात थोर शास्त्रज्ञ म्हणजे आई. ताई प्रयोगशाळेत दिवसभर झडपांचे क्रमांक मोठ्याने वाचते आणि सरांनी दिलेली सूचना सरांनाच परत ऐकवते, यावर मात्र कुणाचा विश्वास नव्हता.

"हे पोपटालाही जमेल," बाबा म्हणाले.

शेवटचं प्रात्यक्षिक आठवड्यावर आलं होतं. ते झालं की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तरच वीजकेंद्रात उमेदवारीची जागा. नेमका तेव्हाच बिल्ल्यांचा महिन्याचा अहवाल आला. कोटावरचा प्लास्टिकचा बिल्ला अंगावर किती किरणं पडली ते मोजतो. मूर्ती लहान पण चुगली महान. अकराजणांच्या नावापुढे शून्य होतं. ताईच्या नावापुढचा आकडा सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि प्रयोगशाळेला कुलूप ठोकलं. कारण सापडेपर्यंत बाराही जणांचं प्रात्यक्षिक बंद.

"तोंड का उतरलंय?" आईने दारातच विचारलं.

"माझ्या बिल्ल्यावर किरणं सापडलीत."

"आणि बाकीच्यांच्या?"

"शून्य."

"बघ. म्हणजे वर्गात काम तू एकटीच करतेस."

ताईने कपाळाला हात लावला आणि तिथेच तिला आठवलं. मागे तिने कोट धुवायला घरी आणला होता, बिल्ल्यासकट. बिल्ला प्रयोगशाळेतल्या खुंटीला लावूनच बाहेर पडायचं, हा तर पहिल्या दिवसाचा पहिला धडा.

"आई, तू तो बिल्ला कुठे नेला होतास?"

आई घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घालू लागली.

"कंबरेच्या एक्स-रेला. तो एक्स-रेवाला फार शहाणपणा शिकवतो. म्हटलं, आम्हीही त्याच खात्यातले आहोत, हे कळू दे त्याला."

"छातीवर लावून गेलीस?"

"तो म्हणाला, काढा. मग कंबरेच्या खिशात टाकला. फोटोत मधोमध चौकोन आला, मेल्याने पुन्हा काढायला लावला. मग बिल्ला जरा बाजूला सरकवला."

म्हणजे दोनदा.

"उन्हात राहिला म्हणून सांग," आईने तोडगा काढला.

"गप्प बस. चार दिवसांत विसरतील," बाबांनी दुसरा काढला.

"बाबा, या अणुवाल्यांचा कचरासुद्धा हजारो वर्षं टिकतो. ते विसरणार?"

आपलेच दात, आपलेच ओठ. पण अकराजणांचं वर्ष आपल्या कोटाच्या खिशात घालून बसणं ताईला जमेना. दुसऱ्या दिवशी ती आईच्या कंबरेचा फोटो काखेत मारून सरांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं. सरांनी तो खिडकीला धरला. मणक्याच्या शेजारी बिल्ला ऐटीत बसला होता, चिमट्यासकट.

"तुम्ही नियम मोडून बिल्ला घरी नेलात," सरांनी सवयीने परत ऐकवलं, "आणि आईंनी तो कंबरेला ठेवून एक्स-रे काढला. बरोबर?"

"बरोबर. दोनदा."

दुपारी कुलूप निघालं. अकराजणांचं प्रात्यक्षिक वेळेवर झालं. ताईचं महिनाभर पुढे गेलं, उमेदवारीची यादी लागायच्या अगदी आदल्या दिवसावर. तोवर तिने नव्या मुलांबरोबर बसून पहिला धडा पुन्हा शिकायचा होता.

त्या धड्यासाठी सरांनी भिंतीवर आईचा फोटो लावला, मागे दिवा ठेवून. ताईने घरी आल्यावर खालमानेने तेही सांगून टाकलं.

आईने हातातलं काम थांबवलं.

"खाली माझं नाव लिहिलंय ना?"