पुलावरून पडणारा माणूस

"काय सिरिलोकाका, आज तुमचं थोबाड नक्की दिसणार ना?" न्हावी फाबिआनने मागून विचारलं, तशी सगळी रांग खिदळली.

"पूल येऊ दे. टोपी उडते, तेव्हा बघ," म्हातारा म्हणाला.

आम्पारोचा जीव टांगणीला लागला होता. दुरांगोच्या या पटांगणात निम्मी वस्ती तिच्या बापाने, सिरिलोनेच, गोळा केली होती. भित्र्या दरोडेखोराचा हा जुना विनोदी चित्रपट कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. आता कुठल्याशा तळघरात त्याची एकुलती एक प्रत सापडली होती. नायकाच्या जागी दरीत उडी मी मारली, असं बाप सांगत आला होता. पुढे जन्मभर त्याने ट्रकची चाकं बदलली. घरात कुणाचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आम्पारोचाही नव्हता.

ती प्रत दुरुस्त करून राजधानीहून घेऊन आलेल्या बाईंनी माईक घेतला. "एक गंमत सांगते. पुलाच्या प्रसंगात क्षणभर भलत्याच माणसाचा चेहरा दिसत होता. ती चूक आम्ही दुरुस्त केलीय. आता तिथेही नायकच दिसेल!"

टाळ्या पडल्या.

"पुसलं की हो तुम्हाला!" फाबिआन म्हणाला. "की दुसराच कुणी होता? आता कोण सांगणार!"

"बाबा, घरी जाऊ या," आम्पारो कुजबुजली.

"आलोय तर बघू."

दरोडेखोर गाढवावर उलटा बसून पळाला आणि लोक पोट धरून हसले. त्या काळी पडणं खरं असायचं, म्हणून हसूही खरं यायचं. मग पूल आला. टोपी उडाली. टोपीखाली नायकाचा गुळगुळीत चेहरा होता. आम्पारोला बापाकडे बघवेना, तरी तिने बघितलंच.

पडद्यावरचा माणूस अजून पुलावरच होता. बापाची हनुवटी मात्र छातीला टेकली होती, डावा खांदा आत गेला होता, गुडघे वर आले होते. मग पडद्यावरच्या माणसानेही तेच केलं. हनुवटी, खांदा, गुडघे. तो डावा खांदा आम्पारोने कायम वाकडाच पाहिला होता. चाकं उचलून गेला असेल, असं तिला वाटायचं.

"तोंड काय बघतोस फाबिआन?" ती गर्रकन वळली. "पडतोय तो बघ! माझा बाप आहे तो!"

पडद्यावर नायक धूळ झटकत उठला आणि लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. म्हातारा अजून खांदा चोरून बसला होता.

"हळू बोल," तो म्हणाला. "लोकांना बघू दे."