बंद पडण्याआधी

ऑफिसात त्यांना समोर सर म्हणत आणि पाठ वळली की मास्तर. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. कंपनी हातात धरता येतील एवढी सोनोग्राफीची यंत्रं बनवायची. त्या यंत्रांच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रामच्या तळाशी असलेल्या गाभ्यात, कोणीही कोड बदलला की तो आधी मास्तरांच्या नजरेखालून जायचा. बॅटरी किती वीज ओढते, यंत्र किती तापतं, तापलं तर काय करायचं, हे ठरवणारे ड्रायव्हर नावाचे छोटे प्रोग्राम तर त्यांचा खास प्रांत. तिथे ते डोळ्यांत तेल घालून वाचत. चूक सापडली की त्यांचा चेहरा खुलायचा, आणि लिहिणाऱ्याचा उतरायचा.

त्यांच्या हाताखाली एक मुलगी होती. इतकं हळू बोलायची की मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, "तुझा माइक म्यूट आहे का?" तेव्हापासून तिचं नाव म्यूटच पडलं. तीही हसून ओ द्यायची. तिची आई नर्स होती, आडगावच्या दवाखान्यांतून जन्मभर नोकरी केलेली. सुट्टीला घरी गेली की मुलगी आईबरोबर दवाखान्यात जाऊन बसायची.

यंत्र ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की ड्रायव्हर ते तडकाफडकी बंद करायचा. म्यूटला हे बदलायचं होतं. तिचं म्हणणं असं, की यंत्र तापायला लागलं की आधी पडदा थोडा मंद करावा, मग प्रोसेसरचा वेग उतरवावा, तरीही भागलं नाही तर यंत्र हातात असलेल्या माणसाला इशारा द्यावा, पडद्यावरचं चित्र जपून ठेवावं, आणि मगच बंद व्हावं. तिने सगळं लिहून मास्तरांकडे पाठवलं.

मास्तरांनी ते परत केलं. फार लांब आहे, तुकडे कर. तिने तुकडे केले. दुसऱ्या खेपेला त्यांना खरोखरच मोठी चूक सापडली. जिथे कर्नलला क्षणभरही थांबायची मुभा नसते, नेमकं तिथेच तिचा कोड तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या उत्तराची वाट पाहत बसत होता. अशाने सबंध यंत्र गोठू शकतं. मास्तरांनी ते सगळ्यांना दिसेल असं, अगदी सविस्तर लिहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिनेही ते मुकाट्याने मान्य केलं आणि दुरुस्तीला बसली.

मग नवं यंत्र बाजारात आणायची तारीख जवळ आली आणि मीटिंगमध्ये विषय निघाला. मास्तर म्हणाले, ड्रायव्हरने फक्त माप सांगावं आणि धोका दिसला की बंद करावं, बाकीचा शहाणपणा वरच्या प्रोग्रामने करावा. मुद्दा बिनबुडाचा नव्हता. या धंद्यातले पुष्कळ जाणते लोक असंच म्हणतील. पण वरचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे तेव्हा ते करायला कोणीच मोकळं नव्हतं, आणि हेही मास्तरांना माहीत होतं.

म्यूट त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठ्याने बोलली. "सर, माझी आई तपासत असते तेव्हा तिचे दोन्ही हात अडकलेले असतात. यंत्र आता बंद पडणार, हे तिला आधी कळायला नको का?"

"यंत्राला आई नसते," मास्तर म्हणाले.

सगळे हसले. मास्तरही हसले. तिने लॅपटॉप मिटला. त्याच आठवड्यात तिने दुरुस्त केलेला कोड पुन्हा पाठवला. मास्तरांनी त्याची लांबी पाहिली, उघडायचेही कष्ट घेतले नाहीत, आणि 'ठरल्याप्रमाणे नको' एवढं लिहून बाजूला सारला. यंत्र जुन्याच रीतीने बाजारात गेलं. काही महिन्यांनी म्यूटने नोकरी सोडली. निरोपाच्या चहाला मास्तर दुसऱ्या कामात होते.

उन्हाळा आला तशा तक्रारी येऊ लागल्या. यंत्र मध्येच बंद पडतं, चालू करायला गेलं तर गार होईपर्यंत होत नाही. कंपनीच्या साहेबांनी मास्तरांनाच एका दवाखान्यात पाठवलं. ड्रायव्हरला मंजुरी त्यांची होती, तर बघूनही त्यांनीच यावं.

दवाखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखालच्या दोन खोल्या. आत भट्टीसारखी धग. तिथल्या नर्सबाई पन्नाशीच्या, कामाचा उरक असलेल्या. त्यांनी मास्तरांना आधी पाणी दिलं, मग काय झालं ते सांगितलं. एक गरोदर बाई तपासायला आली होती. याआधी तिची दोन बाळंतपणं वाया गेलेली, त्यामुळे आधीच जीव मुठीत धरून. पडद्यावर बाळाच्या हृदयाचे ठोके दिसत होते, ती मान वळवून बघत होती, आणि पडदा एकदम काळा झाला.

"तिला वाटलं, ठोके थांबले," नर्सबाई म्हणाल्या. "मी सांगत होते, अगं मशीन बंद पडलंय, बाळ ठीक आहे. पण खरं सांगू, मलाच खात्री वाटत नव्हती. तिला काय धीर येणार?"

यंत्र पुन्हा चालू होईपर्यंत ती बाई त्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून पडून होती. रडलीसुद्धा नाही. चालू झाल्यावर बाळ व्यवस्थित दिसलं, ठोके व्यवस्थित होते. पण तिने पडद्याकडे पाहिलं नाही. कपडे सारखे केले आणि निघून गेली. त्यानंतर तपासणीला ती आलीच नाही. नर्सबाई तिच्या घरीही जाऊन आल्या. सासूने दारातूनच सांगितलं, ती ते मशीन पुन्हा अंगाला लावू देणार नाही.

नर्सबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी मास्तरांना यंत्र दाखवलं, कुठे धरलं की जास्त चटका बसतो ते दाखवलं. मास्तरांनी तापमानाच्या नोंदी पाहिल्या. ड्रायव्हर जसा वागायला हवा होता तसाच वागला होता. एक ओळही चुकली नव्हती. परतीच्या वाटेवर हेच त्यांना खात राहिलं. चूक सापडली असती तर त्यांनी ती धरली असती, दुरुस्त केली असती. इथे धरायला काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी म्यूटचा तो बाजूला सारलेला कोड उघडला आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. त्यांनी काढलेली मोठी चूक तिने नीट दुरुस्त केली होती. तुकडे आटोपशीर होते. मर्यादा वरच्या प्रोग्रामला बदलता याव्यात अशी सोयही ठेवली होती, म्हणजे त्यांच्या मुद्द्याचाही तिने मान राखला होता. नेहमीच्या सवयीने ते खोट शोधत होते. एका ठिकाणी नाव जरा लांब होतं, एवढंच.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "त्या मुलीला फोन केलात का?"

"काय म्हणून करू?"

"अहो, काय म्हणून म्हणजे? तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणून."

म्यूट आता लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत होती. तिने फोन लगेच उचलला, आवाज तसाच हळू. मास्तरांनी दवाखान्यातली गोष्ट सांगितली. तिने मध्ये फक्त एकदा विचारलं, बाळ ठीक होतं ना. मग मास्तर म्हणाले, की तिचा कोड आता घ्यायचा आहे, तिची हरकत नसेल तर. हरकत कसली, ती म्हणाली, तो कंपनीचाच आहे. फक्त त्यावरचं नाव काढू नका.

"नाव तुझंच राहील," मास्तर म्हणाले. जरा थांबून पुढे म्हणाले, "आणि त्या दिवशी मी मीटिंगमध्ये जे बोललो, ते बोलायला नको होतं."



"मी ते विसरले असं सांगायला मला आवडलं असतं, सर," ती म्हणाली. "पण मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं. सांगायला नको होतं. त्यानंतर तिने आपल्या कंपनीचं यंत्र कधी हातात घेतलं नाही."

परत येशील का, असं विचारायचं त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी विचारलं नाही. तिने आपणहून त्यांच्या तब्येतीची चौकशी केली, मीटिंग आहे म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिचा कोड तिच्या नावाने गेला. मंजुरी मास्तरांनी स्वतः न देता दुसऱ्या सहकाऱ्याला द्यायला लावली. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या दवाखान्यांतली यंत्रं नव्या ड्रायव्हरवर आली. नर्सबाईंनी आवर्जून फोन केला: आता आधी सूचना येते, आम्ही हात थांबवतो, यंत्र सावलीत ठेवतो, बरं झालं.

मास्तरांनी त्या बाईबद्दल विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, बाळंतपणाला माहेरी गेली म्हणतात. माहेर कुठलं, ते त्यांना माहीत नव्हतं. पुढे काय झालं तेही नाही. कळलं तर कळवा, असं मास्तर म्हणाले. हो, कळवते की, नर्सबाई म्हणाल्या, आणि बाहेर कोणीतरी आलंय म्हणून गेल्या.

तो फोन काही आला नाही.