मागच्या बाकाची गादी

बाबांना वहीत रेघा मारल्याशिवाय खर्च करता येत नाही. आईच्या पगाराची थकबाकी म्हणून तीस हजार जमा झाले, त्याच संध्याकाळी त्यांनी वही उघडली आणि वर तीन रकाने आखले : गरजेचं, बरं दिसेल असं, आणि चैन.

आई शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. सव्वीस वर्षं उभं राहून काचेची नळकांडी धुतली, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मुलांनी सांडलेलं पुसलं. गुडघे कधीच बोलायला लागले होते. घरी आली की ती हॉलमधल्या सोफ्यावर बसायची नाही. सरळ मागच्या अंगणात जायची, तिथल्या सिमेंटच्या बाकावर पाय वर घेऊन बसायची. खाली जुनी सतरंजी, पाठीला भिंत. भाजी तिथेच निवडायची, फोन तिथेच करायची, माझ्याशी भांडायचीही तिथेच.

सोफ्याच्या गाद्या मात्र पार बसल्या होत्या. पाहुणा टेकला की त्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. त्या नव्या करायच्या, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. आईने त्यात बाकाची गादीही घातली आणि गादीवालीला बोलावलं.

या गादीवालीला सगळे टाचणी म्हणायचे, कारण बोलताना तिच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असायच्या. तिने सोफा मोजला. मग मागे येऊन बाक मोजला. बाकाच्या कोपऱ्यातून पाण्याचा पाइप वर गेला होता, म्हणून तिने वर्तमानपत्र पसरून पाइपाभोवती गोल कापलं आणि तो कागद घडी घालून पिशवीत टाकला.

"सोफ्याचे सत्तावीस हजार," ती म्हणाली. "बाकाचे सोळा."

"एका बाकाचे सोळा?" बाबा जवळजवळ ओरडलेच. "आत काय कापूस भरणार की केशर?"

"साहेब, बाहेरची गादी आहे. आतला साधा फोम घातला तर पहिल्या पावसात पाणी पिऊन बसेल, मग वास मारेल. पाणी खाली सोडून देणारा फोम वेगळा येतो. कापडही उन्हात न विटणारं लागतं. चेन गंजणार नाही अशी."

"मग दोन्हींत थोडं थोडं हलकं वापरा. तिसात बसवा."

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "बसवते. वर्षभरात दोन्ही बसतील. मग मला शिव्या घालू नका."

ती गेल्यावर बाबांनी वहीत सोफा 'गरजेचं'खाली लिहिला आणि बाक 'चैन'खाली. "प्रश्न मिटला," ते म्हणाले. "सोफा करू. तीन हजार उरतात, त्यात पडदे धुऊन येतील."

आई पोळ्या लाटत होती. हातात लाटणं तसंच धरून ती बाहेर आली. "बाक करू," ती म्हणाली.

"अगं, मागे कोण बघतंय?"

"बघायला नाही, बसायला करतेय. मी बसते तिथे. रोज. सोफ्यावर कोण बसतं? महिन्यातून दोनदा तुमचे मित्र."

"आणि पाहुणे आले तर काय सांगायचं?"

"सांगा, बायको ऐकत नाही."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "बरं, बाक कर. पण उरलेल्या चौदात सोफ्याच्या निदान खालच्या गाद्या तरी होतील."

"उरलेले चौदा उरू देत," आई म्हणाली. "सव्वीस वर्षांत माझं काही उरलेलं मी बघितलंच नाही. जरा बघते."

बाराव्या दिवशी गादी आली. गडद निळी, कडेला पांढरी गोट, कोपऱ्यात पाइपासाठी अर्धगोल खाच. बाकावर ठेवल्यावर ती अशी बसली की जणू सिमेंट तिच्यासाठीच ओतलं होतं. आईने पाय वर घेतले, डोळे मिटले आणि मला म्हणाली, "आता अर्धा तास मला कोणी हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी."

पुढच्या शनिवारी आत्या येणार होती. आत्या बाबांची थोरली बहीण. तिच्यासमोर बाबा आजही शर्टाचं वरचं बटण लावतात. आई प्रात्यक्षिक परीक्षेसाठी शाळेत गेली होती. मी अंघोळ करून बाहेर आले तर निळी गादी हॉलमध्ये सोफ्यावर, आणि तिच्यावर आत्या. गादी सोफ्याहून हातभर लांब होती, एका टोकाला लोंबत होती. पाइपाच्या खाचेवर बाबांनी उशी टाकली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली.

तासाभराने आई आली. चपला काढल्या, मागे गेली, तशीच परत आली. हॉलच्या दारात एक क्षण थांबली.

"ताई, जरा उठता?"

आत्याला वाटलं, पाया पडायचं असेल. ती उठली. आईने उशी बाजूला ठेवली, गादी काखेत मारली आणि चालू लागली.

"पाहुण्यांसमोर शोभतं का हे?" बाबा मागून म्हणाले.

आई वळली. "पाहुण्यांसाठी माझ्या बाकावरून उचललीत, ते शोभलं? ताई, माझा राग तुमच्यावर नाही. बाहेर येऊन बसा, जागा आहे. पण गादी तिथेच राहील."

आत्या बाहेर आली नाही. "उठवून घ्यायला नव्हते आले मी," असं म्हणून चहा अर्धा टाकून ती निघून गेली. पुढे दोन महिने तिचा फोन नव्हता. बाबा नऊ दिवस आईशी माझ्यामार्फत बोलले. "तुझ्या आईला विचार, मीठ संपलंय का." आई तीन फुटांवरून उत्तर द्यायची, "तुझ्या बाबांना सांग, डबा उघडून बघा." मी तिला एकदा हळूच म्हटलं, आत्याला एक फोन कर, विषय संपेल. "चुकले असते तर केला असता," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. रात्री मात्र तिला झोप लागत नव्हती, ते मला ठाऊक होतं. तिला भांडण आवडत नव्हतं. तरी ती मागे हटली नाही.

दहाव्या दिवशी बाबांनी स्वतःच्या बचतीतून पैसे काढले आणि टाचणीला फोन लावला. घासाघीस बरीच केली, पण सत्तावीसचे सत्तावीसच राहिले. फोन ठेवून ते मागच्या दारात आले.

"सोफ्याचा रंग कोणता घेऊ?" त्यांनी थेट आईला विचारलं.

आईने पाय जरा आवरून घेतले. "तुम्हाला आवडेल तो घ्या," ती म्हणाली. "पैसे तुमचे आहेत."